त्याच गावात राहणारी मुलगी

३ ऑगस्ट

आजपासून मी संशोधक. ओळखपत्रावर तसं छापलंय, म्हणजे असणारच. फोटोत मात्र मी नुकतीच पकडून आणल्यासारखी दिसते.

छत्तिसाव्या वर्षी पहिली धड नोकरी. इतकी वर्षं या कॉलेजात, त्या कॉलेजात तासावर शिकवत फिरले. आता स्वतःचं टेबल आहे. खोली तिसऱ्या मजल्यावर, खिडकी नीट लागत नाही म्हणून फटीत पुठ्ठा कोंबलेला. दुसऱ्या टेबलावर पीएच.डी. करणारा एकजण बसतो. त्याची दाढी अशी आहे की सगळे त्याला दाढीच म्हणतात आणि तो ओ देतो. प्रमुख मॅडम माझ्याहून लहान आहेत. कमी बोलतात आणि समोरच्याचं पूर्ण ऐकून घेतात, याची सवय व्हायला वेळ लागेल. नेमणूक दोन वर्षांची. काम दिसलं तर पुढे कायम.

काम असं: एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना नगरपालिका घरी मदतनीस देणार, रोज तीन तास, फुकट. अर्ज ढीगभर, मदतनीस मूठभर. कोणाची गरज जास्त हे ठरवायला आमचा प्रोग्राम मदत करणार, फझी लॉजिकवर चालणारा.

संध्याकाळी बाबांना फोन करून सांगितलं. "फझी म्हणजे काय गं, भुंग्या?" (मी लहानपणी सतत गुणगुणायचे. नाव चिकटलं ते चिकटलं.) मी म्हटलं, साधा कॉम्प्युटर हो किंवा नाही म्हणतो. आमच्याला 'थोडंसं', 'बऱ्यापैकी', 'जवळजवळ' हेही कळतं. माणूस अशक्त आहे का, असं तो विचारत नाही. किती अशक्त आहे ते शून्य आणि एक यांच्यामध्ये कुठेतरी मांडतो. बाबा म्हणाले, "म्हणजे अंदाजपंचे."

बाबांनी उभी हयात वजनमापं तपासण्यात काढली. त्यांना लांबून येताना बघितलं की दुकानदार तराजू पुसायला लागायचे. "आमच्या खात्यात 'जवळजवळ किलो' म्हणणाऱ्याला दंड व्हायचा," म्हणाले. पण खूश होते. ओळखपत्रावर नाव नीट छापलंय ना, हे दोनदा विचारलं.

२३ ऑगस्ट

रविवार. बाबांकडे जाऊन आले. बसने जेमतेम अर्धा तास लागतो, तरी निघायला दुपार झाली. आई गेल्यापासून त्या घरात शिरताना पाय जड होतात. हे मी कोणाला सांगत नाही.

बाबा वाळलेत. विचारलं तर म्हणाले, वय झाल्यावर माणसाने हलकंच असावं, उचलणाऱ्यांना सोपं. त्यांचे विनोद हे असे. एक नवीनच खूळ काढलंय: फोन टेबलावरून काढून खाली जमिनीवर ठेवलाय, भिंतीला टेकवून. मी उचलून वर ठेवला. "राहू दे गं तिथेच," म्हणाले आणि मी पाणी प्यायला आत गेले तेवढ्यात परत खाली ठेवला. म्हातारपणी माणसं लहान मुलांसारखी हट्टी होतात म्हणतात, ते खोटं नाही.

तासाभरात निघाले. लेख वाचायचे होते. बाबा जिन्यापर्यंत आले, खाली उतरले नाहीत. आधी नेहमी कोपऱ्यापर्यंत यायचे.

९ सप्टेंबर

घोडं अडलंय.

आमची पद्धत अशी की आकडे आपण ठरवायचे नाहीत. जी माणसं रोज हे बघतात त्यांना विचारायचं. घरोघर जाणाऱ्या नर्स, दवाखान्यातले डॉक्टर अशा सात जणांपुढे एकेक माणूस मांडायचा आणि विचारायचं: याला घरचा आधार किती? शून्य म्हणजे कोणीच नाही, एक म्हणजे चोवीस तास माणूस. सातांच्या उत्तरांवरून आकडा बसवायचा. मॅडमच्या मते या कामात अक्कल एवढीच, बाकी सगळी बेरीज वजाबाकी.

दाढीकडे आजारपणाचा भाग, माझ्याकडे 'घरचा आधार'. दाढीची सातही उत्तरं आली. माझी दोनच. नर्सना फोन केला की त्या जिन्यात तरी असतात नाहीतर कोणाला अंघोळ घालत असतात. "उद्या करते हं ताई." उद्या म्हणजे कधी, देव जाणे. मॅडमनी आज विचारलं, "तुमचं कुठवर आलं?" मी म्हटलं, होत आलंय. होत आलंय म्हणजे शून्य पूर्णांक तीन, फार तर.

१६ सप्टेंबर

झालं एकदाचं. गंगेत घोडं न्हालं.

राहिलेल्या पाच जणांची उत्तरं मीच भरली. खरं सांगायचं तर त्यांना विचारून तरी वेगळं काय कळणार होतं? 'शेजारी विचारपूस करतात' याला ०.३. 'मुलगा परदेशी' याला ०.१. 'त्याच गावात राहणारी मुलगी' याला काय द्यावं यावर बराच वेळ अडले. मग म्हटलं, काखेत कळसा अन् गावाला वळसा कशाला? मीच की ती. मी बाबांना किती आधार आहे? फोन असतो, येणंजाणं असतं, काही झालं तर मी आहेच. ०.८ लिहिलं. ०.९ लिहिणार होते, पण उगाच फुशारकी नको.

मॅडमनी तक्ता पाहिला, "छान, वेळेत झालं" म्हणाल्या. दिवसभर हलकं वाटलं.

२७ सप्टेंबर

याही रविवारी बाबांकडे जायला जमलं नाही. चाचणीची तयारी. नगरपालिकेने एक वॉर्ड निवडून दिलाय, नेमका बाबा राहतात तोच. तिथले अर्जदार विद्यापीठात येतील, मुलाखती होतील. ही चाचणी नुसती दाखवायला नाही. यादीत वर येतील त्यांना खरोखरच पुढच्या महिन्यापासून मदतनीस मिळणार.

पाचच्या सुमाराला फोन केला. जेवलात का विचारलं, तर म्हणाले, झालं. म्हटलं, आत्ताच? म्हणाले, "बिस्किटं खाल्ली चहाबरोबर, आता रात्रीचं काही लागत नाही." चला, पोटाला हलकं बरं. मी पुढच्या रविवारी नक्की येते म्हटलं. "तू कामाकडे बघ," म्हणाले. बाबांचं एक बरं आहे, समजून घेतात.

१४ ऑक्टोबर

लिहायचं नव्हतं. पण नाही लिहिलं तर काही दिवसांनी मी हे माझ्या सोयीने आठवायला लागेन, स्वतःला ओळखते मी.

आज चाचणी झाली. खालचा मोठा वर्ग, पुढे पडदा, पहिल्या रांगेत मॅडम आणि नगरपालिकेचे अधिकारी. दाढी कॉम्प्युटरवर प्रश्न विचारत होता. मी पडद्याशेजारी उभी राहून निकाल समजावत होते. साडी नेसले होते, गळ्यात ओळखपत्र. बाहेर व्हरांड्यात अर्जदार खुर्च्यांवर बसलेले. तीनचार मुलाखती झाल्या, झकास चाललं होतं. अधिकारी मान डोलवत होते.

मग दारातून बाबा आले.

मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. त्यांनी परस्पर अर्ज केला होता. इस्त्रीचा शर्ट घातला होता, पण एक बटण चुकीच्या काजात, त्यामुळे कॉलर एका बाजूला चढलेली. भिंतीला हात लावत लावत खुर्चीपर्यंत आले. बसले, वर पाहिलं आणि मी दिसले. त्यांनाही माहीत नसावं की ती 'विद्यापीठातली तपासणी' म्हणजे माझीच. बघता बघता त्यांचा चेहरा बदलला. आधी आनंद झाला, तो मी पाहिला. मग त्यांनी मॅडमकडे पाहिलं, अधिकाऱ्यांकडे पाहिलं, आणि माझ्यावरून नजर अशी काढून घेतली जशी अनोळखी माणसावरून काढतात.

मी एक पाऊल पुढे टाकून 'हे माझे वडील' म्हणायला हवं होतं. चार शब्दसुद्धा नाहीत. मी कागद नीट लावत राहिले.

दाढीने विचारलं, "आजोबा, घरी कोण कोण?"

"मी एकटा. एक मुलगी आहे, याच गावात."

"मुलगी किती वेळा येते?"

"रोज."

दाढीने मान वर केली. "रोज?"

"रोज येते. संध्याकाळी. स्वयंपाक करून जाते. फार लक्ष आहे तिचं."

"अलीकडे कधी पडला होतात का?"

"छे."

मॅडम हळूच म्हणाल्या, "किती छान." पडद्यावर आकडे फिरले. घरचा आधार ०.९५, मदतीची गरज: कमी. यादीत तळाला. मला ते सगळ्यांना समजावून सांगायचं होतं, आणि मी सांगितलं. आवाजसुद्धा कापला नाही.

अधिकारी खूश. मोठ्याने म्हणाले, "बघा, हेच पाहिजे होतं आम्हाला. घरात करणारी मुलगी असून फुकटात मिळतंय म्हणून अर्ज करतात लोक. असे फुकटे गाळले गेले पाहिजेत." बाबा तेव्हा अजून खुर्चीतून उठतच होते. उठायला त्यांना वेळ लागतो. त्यांनी ते ऐकलं, आणि मान खाली घालून "बरोबर आहे साहेब" म्हणाले. ज्या माणसाने आयुष्यात कोणाला गुंजभर खोटं वजन वापरू दिलं नाही, त्याला फुकट्या म्हटलं, आणि मी तिथे उभी होते. मी हसलेसुद्धा. अधिकारी माझ्याकडे बघत होते म्हणून.

बाबा गेल्यावर पुढचं नाव पुकारलं.

१५ ऑक्टोबर

घराबाहेर पडले नाही. विद्यापीठातही नाही, बाबांकडेही नाही. त्यांचाही फोन नाही.

१७ ऑक्टोबर

गेले शेवटी. जिन्यातच शेजारच्या काकू भेटल्या. "अगंबाई, किती दिवसांनी," म्हणाल्या. टोमणा नव्हता, म्हणूनच जास्त लागला. पुढे म्हणाल्या, "मागे पडले तेव्हा मी तुला कळवणार होते गं. पण तेच म्हणाले, तिची नवीन नोकरी आहे, कळवू नका." मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात मोरीत पडले होते. उठता येईना. सरपटत टेबलापर्यंत आले, पण वरचा फोन हाताला लागेना. सकाळी पेपरवाल्याने हाक ऐकली.

फोन जमिनीवरच होता. या वेळी मी तो उचलला नाही.

बाबा दार उघडून म्हणाले, "ये. चहा घेणार?" जणू काही झालंच नाही. मी करते म्हटलं आणि आत गेले. ओट्यावर बिस्किटांचे पुडे, गॅसवर धूळ. धूळ! आई असताना त्या गॅसमध्ये तोंड दिसायचं.

"अर्ज का केलात? मला सांगायचं नाही?"

"सहज केला. पेपरात आलं होतं."

"आणि तिथे रोज येते म्हणून का सांगितलंत?"

"मग काय सांगायला हवं होतं? तुझ्या साहेबिणीसमोर तुझं नाक कापू? पहिली धड नोकरी लागलीय तुला." आणि वर, "चांगली समजावत होतीस. मला सगळं कळलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते चिडले असते, बोलले असते, तर मीही काहीतरी बोलले असते. माझं तोंड म्हणजे काय, मी कोणाला ऐकते का. पण यावर काय बोलायचं? चहा उतू गेला. मी गॅस पुसला. मोरी घासली, भात टाकला. ते म्हणत होते, कशाला गं, सुट्टीचा दिवस आहे तुझा.

घरी येऊन तक्ता उघडला. बाबा खरं बोलले असते तरी उपयोग नव्हता. 'एक मुलगी, याच गावात' एवढं म्हणाल्याबरोबर प्रोग्रामने ०.८ धरलंच होतं. येते की नाही हे नंतर. तो आकडा मी दिलेला. उंटावरून शेळ्या हाकल्या, आणि त्यात एक शेळी घरची निघाली. बाकीच्या कोणाकोणाच्या घरची, कोण जाणे.

१९ ऑक्टोबर

मॅडमना सांगितलं. दाढीला बाहेर जायला सांगणार होते, मग म्हटलं, असू दे, त्यालाही कळू दे.

सगळं सांगितलं. पाच जणांना विचारलंच नाही, उत्तरं माझी आहेत. ०.८ माझ्यावरून काढलाय आणि तोही खोटा. तळाला गेलेले ते गृहस्थ माझे वडील. मॅडमनी नेहमीप्रमाणे पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमचे वडील? मग त्यांना तुम्ही आहातच की."

त्यांनी ते वाईट अर्थाने म्हटलं नव्हतं. सगळं जग असंच म्हणेल, मीही तेच लिहून ठेवलं होतं. मी म्हटलं, "नाही मॅडम. मी नाहीये."

त्यांनी यादी उघडली. त्याच गावात मुलगा किंवा मुलगी असलेले बरेच जण खाली ढकलले गेले होते. मॅडम एकेक नाव बघत गेल्या आणि मी उभीच. शेवटी म्हणाल्या, "संशोधनात चुका होतात. ही चूक नाही." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

यादी थांबवली. नगरपालिकेत जाऊन अधिकाऱ्यांना मॅडमनीच सांगितलं, मला नेलं नाही. सातही जणांना दाढी विचारणार, आणि खाली गेलेल्यांच्या मुलाखती त्यांच्या घरी जाऊन पुन्हा होणार. मी आकड्यांना हात लावायचा नाही. मला पुढे ठेवायचं की नाही हे मार्चमध्ये बघू, म्हणाल्या. म्हणजे काय ते कळलं. गंमत म्हणजे त्याचं फारसं वाटलं नाही. वाटलं ते याचं, की तळाला असलेल्या सगळ्यांना माझ्यापायी महिनाभर जास्त थांबावं लागणार.

२८ ऑक्टोबर

आज बाबांची मुलाखत, त्यांच्या घरी. मॅडमना विचारून मी गेले होते, विद्यापीठाची म्हणून नाही, घरची म्हणून. ओळखपत्र पर्समध्ये ठेवलं.

दाढी बिचारा खुर्चीच्या टोकावर बसला होता. बाबांनी त्याला ओळखलं, पण तसं दाखवलं नाही. प्रश्न सुरू झाले.

"मुलगी किती वेळा येते?"

"सांगितलं की त्या दिवशी. रोज."

"बाबा," मी म्हटलं.

"रोज येते," बाबा दाढीला म्हणाले. "आताही आलीच आहे, दिसत नाही का?"

दाढी माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "रोज येत नाही. महिना महिना येत नाही. ते मोरीत पडले ते मला माहीत नव्हतं. लिहून घे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. लहानपणी त्यांच्याबरोबर बाजारात जायचे तेव्हा दुकानदारांकडे असं बघताना त्यांना पाहिलंय. माझ्यावर ती नजर पहिल्यांदाच आली. मग ते म्हणाले, "बरं. ती म्हणते तसं लिहा. पण कारण पण लिहा. तिला नवीन नोकरी लागलीय, काम फार असतं."

दाढी म्हणाला, "आजोबा, कारण लिहायला यात जागा नाहीये."

"का नाही?"

"तशी केलेली नाही."

"कोणी केलं हे?" बाबांनी विचारलं. तपासणीवर गेल्यासारखा आवाज लागला होता त्यांचा. "मुलगी येत नाही एवढंच लिहायचं आणि का येत नाही ते लिहायचं नाही? हे काय माप झालं?"

दाढीने माझ्याकडे न बघता खाली मान घातली. मी म्हटलं, "मी केलंय, बाबा."

बाबांनी कागदावर बोट ठेवलं. दाढीला म्हणाले, "मग कोपऱ्यात लिहा कुठेतरी." आणि दाढीने खरंच कोपऱ्यात लिहिलं, पेनने.

१२ नोव्हेंबर

नवीन आकडा आला. सात जणांना विचारून 'त्याच गावात राहणारी मुलगी', नुसतं तेवढंच माहीत असेल तर, ०.३. शेजाऱ्यांइतका. एका नर्सने ०.१ दिलाय, दाढी सांगत होता. का विचारलं तर म्हणाली, मुलगी गावात आहे म्हटलं की बाकीचे यायचे बंद होतात.

बाबा यादीत वर आले. सोमवारपासून मदतनीस.

१९ नोव्हेंबर

मोरी घासली त्या दिवसापासून मी दर दोन दिवसांनी बाबांकडे जात होते. विद्यापीठातून घरी, मग बस, भाजी, स्वयंपाक, परत. आजही निघाले होते, बूट घालत होते, तेवढ्यात त्यांचा फोन आला.

बाई फार चांगली आहे म्हणाले. आमटी तुझ्या आईसारखी नाही, पण गरम असते. अंघोळीच्या वेळी बाहेर उभी राहते आणि मध्येमध्ये हाक मारते. काल तिच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. आवाजात जोर आलाय त्यांच्या, खरंच आलाय.

मग म्हणाले, "आता तू नाही आलीस तरी चालेल गं, भुंग्या. इतकी धावपळ करू नकोस. कामाकडे बघ."

रागाने नाही. मनापासून म्हणाले, मला त्यांचा आवाज कळतो. मला रडू यायला हवं होतं. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. बूट काढले. चहा केला. आणि मला हायसं वाटलं. एवढं सगळं होऊनही, मला हायसं वाटलं.